शहाऐंशी गुणांचं धुणं

१

परिचारिकेने पिशवीतून चादर काढली आणि माझ्या टेबलावर, थेट माझ्या चहाच्या कपाशेजारी पसरली.

"धुतलेली आहे," ती म्हणाली. "आज सकाळचीच. हात लावून बघा."

मी हात लावला. कापड खरखरीत लागत होतं. शिवणीच्या दुमडीत पांढरी भुकटी साचली होती आणि मधला पिवळट डाग धुण्याआधी जसा असेल तसाच होता. नखाने खरवडलं, तर भुकटी नखात आली.

"आमच्या वृद्धाश्रमात छप्पन्न माणसं आहेत. सात महिन्यांपूर्वी तुमच्या मासिकातला अहवाल वाचून आम्ही सहा मशीन घेतली. तुम्ही पहिला नंबर दिलेलं मशीन. आता अकरा जणांच्या पाठीवर पुरळ उठलंय. एक मास्तरीणबाई आहेत, त्यांना स्वतःहून हलता येत नाही. त्यांच्या पुरळाच्या जखमा झाल्या. नऊ दिवस इस्पितळात काढून परवा परत आल्या. डॉक्टर म्हणतात, कपड्यांत साबणही राहतोय आणि मळही."

मी आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला. आता तो आठवला की मान खाली जाते.

"मशीन ठासून भरत असाल?"

तिने पिशवीतून मासिक काढलं. पान दुमडून दुमडून मऊ झालेलं. ओळींखाली पेन्सिलच्या रेघा. "अर्धंच भरतो. पावडर कमी फेसाची, तीही मापाने. तुम्ही लिहिलंय तसं, अक्षर न् अक्षर." अहवालाच्या तळाशी सही होती. माझी.

"मी भांडायला नाही आले," ती उठताना म्हणाली. "एवढंच सांगा, आमचं काय चुकतंय?"

ती गेल्यावर मी कुणालाही न सांगता गोदाम उघडलं. चाचणी झालेली मशीन आम्ही वर्षभर जपून ठेवतो. पहिल्या आलेल्या या मशीनवर चाचणीतल्या ओळखीसाठी चौथा क्रमांक चिकटवला होता, आणि चाचणीनंतर ते कुणी चालूही केलेलं नव्हतं. ते जोडलं, स्वतःच्या हाताने पावडर मोजली, डागांच्या नव्या पट्ट्या टाकल्या आणि धुतल्या. दुपारी आकडा आला.

अठ्ठावन्न.

माझ्या सहीच्या अहवालात शहाऐंशी छापले होते.

२

आमचं काम ऐकायला साधं वाटतं. दुकानातून, आपण कोण ते न सांगता, मशीन विकत आणायची, कपडे धुवायचे आणि कुठलं स्वच्छ धुतं ते लोकांना सांगायचं. त्या वेळी पाच मशीन होती. वरून झाकण उघडणारी, कमी पाण्यात धुणारी. त्यांत मधला उभा दांडा नसतो. तळाशी एक चकती फिरते आणि तीच कपडे घुसळते. पाणी वाचतं, पण थोड्या पाण्यात मळ निघतो का, हा खरा प्रश्न. त्यासाठी चहा, कोको, रक्त, काजळी-तेल अशा डागांच्या पट्ट्या टॉवेलांवर टाके घालून शिवायच्या, टॉवेल मशीनमध्ये टाकायचे आणि मग मीटरखाली पट्टीचा उजळपणा मोजायचा. शंभरपैकी जेवढे जास्त, तेवढं धुणं चांगलं.

बाकीच्या चार मशीनना सत्त्याहत्तरच्या आतबाहेर गुण होते. चौथ्याला शहाऐंशी. इतक्या कमी पाण्यात एवढे गुण मी बावीस वर्षांत पाहिले नव्हते. तेव्हा मला शंका यायला हवी होती. मला आनंद झाला होता.

जुन्या पट्ट्यांचं पाकीट काढलं. आधी मीटर तपासला, तो बरोबर होता. जुन्या पट्ट्या त्याखाली ठेवल्या. शहाऐंशी. म्हणजे आकडा कुणी बदलला नव्हता. पट्ट्यांच्या कोपऱ्यावर न पुसणाऱ्या शाईचे क्रमांक होते. ते नोंदवहीशी जुळले. म्हणजे पट्ट्याही बदललेल्या नव्हत्या. त्याच पट्ट्या, त्याच मशीनमधल्या, आणि खरोखरच शहाऐंशी इतक्या उजळ. पण हे मशीन अठ्ठावन्नच्या वर धुवत नाही.

मग उरलेला मळ कुणी धुतला?

पट्ट्यांना हात लागतो तिघांचा. धुणारा तंत्रज्ञ, ज्याला आम्ही फेसराव म्हणतो, कारण "फेस म्हणजे नुसती बडबड, काम पाणी करतं" हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी म्हणतोच. पट्ट्या आपल्या कपाटात कुलपात ठेवणारे भांडारपाल, म्हणजे कुलूपकाका. आणि मीटरवर मोजणारी पॉइंटताई. दशांशानंतरचा आकडा राहिला तर तिला जेवण जात नसे.

पॉइंटताई चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेली होती. चौथं मशीन बनवणाऱ्या कंपनीत.

३

कुलूपकाका किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसले. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"बाई, माझ्या मेव्हण्याच्या दुकानात तेच मशीन विकतात, हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच. तर मीच सांगतो. मेव्हणा तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. त्याच्यासाठी मी चमचासुद्धा धुणार नाही."

"तुमच्याकडे पट्ट्या कशा येतात?"

"उसवलेल्या, इस्त्री केलेल्या, पाकिटात. मी कपाटात ठेवतो, सकाळी पॉइंटताईला देतो. टॉवेल मी बघतही नाही."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी दुपारभर मी धुलाईच्या खोलीत शेल्फं पुसत होतो. बरण्या उतरवल्या, झाकणं काढून धुतली. तुम्हीच सांगितलं होतं, पाहुणे बघायला येणार म्हणून." त्यांनी जुडगा दुसऱ्या मांडीवर घेतला. "पाहुणे आलेच नाहीत."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं आणि मी ते तक्रार म्हणूनच ऐकलं.

पॉइंटताईला भेटायला तिच्या नव्या कचेरीपाशी गेले. ती जेवणाच्या सुट्टीत खाली आली, डबा हातातच. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तिने डबा उघडला नाही.

"तुम्हाला वाटतंय मी आकडा विकला."

"मी विचारायला आलेय."

"मग मी पण एक विचारते, बाई. त्या सकाळी तुमच्या दारात उभी राहून मी काय म्हणाले होते, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. खरं सांगायचं, तर आठवायचं नव्हतं.

"मी म्हणाले, शहाऐंशी जरा जास्त वाटतात, परत धुऊन बघू या का? तुम्ही म्हणालात, मासिक छपाईला निघालंय आणि तुझा स्वतःच्या मीटरवर विश्वास नाही का?" तिचा आवाज चढला नाही. "त्यानंतर मी विचारणं सोडलं. मग नोकरी सोडली. इथे मी वॉशिंग मशीनच्या खात्यात नाही, पंख्यांच्या खात्यात आहे. फोन करून खात्री करा."

खात्री करायची गरज नव्हती. ती खोटं बोलत नव्हती. त्या सकाळी माझ्या दारात उभी राहिलेली ती मला आता लख्ख दिसत होती, हातातल्या पाकिटासकट.

उठताना ती म्हणाली, "एक सांगू? पट्ट्या मीटरच्या भिंगाच्या मापाने बघू नका. मीटर फक्त मधला भाग बघतो, तुम्ही कडा बघा. मला बघू दिलं असतंत, तर मी तेच केलं असतं."

४

मी पट्ट्या खिडकीपाशी नेल्या आणि भिंगाखाली धरल्या.

मधला भाग पांढरा, जवळजवळ नव्यासारखा. पण कडेला कोकोचा तपकिरी पट्टा तसाच होता, आणि एका कोपऱ्यात, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी अशी काळपट जागा होती. मशीन असं धुवत नाही. मशीन चांगलं धुवो की वाईट, सगळीकडे सारखंच धुतं. त्याला मध्य आणि कड कळत नाही. शिवाय मधल्या भागातले धागे उठले होते, कापडावर बारीक लव आली होती. कुणीतरी कोपरा चिमटीत धरून मधला भाग मुठीने चोळला होता. बरोबर तेवढाच, जेवढा मीटर बघतो.

हाताने धुतल्या होत्या. पंधराच्या पंधरा.

आता कुणी? मीटर कुठे बघतो हे तिघांनाही ठाऊक होतं. मी पट्टी उजेडासमोर धरली. चारही कोपऱ्यांत टाक्यांची भोकं दिसली, चाळणीसारखी स्वच्छ, उघडी.

माझी आई शिवणकाम करायची. झगा उसवून मोठा केला की जुन्या टाक्यांची भोकं दिसत. ती म्हणायची, "पाण्यातून काढ, आपोआप मिटतील." कापड उसवल्यावर त्याला पाणी लागलं आणि कुणी ते चोळलं, तर धागे सरकून भोकं बुजतात. या पट्ट्यांची भोकं बुजलेली नव्हती. म्हणजे उसवल्यानंतर त्यांना पाणी लागलेलंच नव्हतं. त्या चोळल्या गेल्या तेव्हा टॉवेलांना शिवलेल्याच होत्या.

कुलूपकाकांकडे पट्ट्या उसवून जात. पॉइंटताईकडे त्याहून नंतर. शिवलेल्या पट्ट्या ज्याच्या ताब्यात असत, असा माणूस एकच होता. अठरा वर्षांत ज्याच्या कामावर मी एकदाही बोट ठेवलं नव्हतं.

पट्ट्या पाकिटात घालून मी खुर्चीत बसून राहिले. खरंच सांगते, त्या क्षणी मला वाटलं, पॉइंटताई दोषी निघाली असती तर बरं झालं असतं.

५

फेसराव धुलाईच्या खोलीत एका मशीनला कान लावून उभा होता. डॉक्टर छाती तपासतो तसा. मी पाकीट ओट्यावर ठेवलं. त्याने ते उघडलं नाही. मशीन बंद केलं, हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला.

"मला वाटलं होतं त्याच आठवड्यात विचाराल," तो म्हणाला.

"का केलंस?"

"तीन धुणी झाली होती. टॉवेल बाहेर काढले तर पट्ट्या जेमतेम उजळलेल्या. मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? बरणी बघितली. 'पावडर' लिहिलेल्या बरणीतली चिमूट ओली करून चोळली, तर फेसाचा बुडबुडासुद्धा नाही. मीठ होतं, बाई. चाचणीसाठी पाणी मुद्दाम जड करायला वापरतो ते मीठ. दोन्ही पांढरं, दोन्ही बरण्या सारख्या. मी तिन्ही वेळा पावडरीच्या जागी मीठ घातलं होतं."

"मग परत धुवायचं."

"कशावर? पट्ट्या संपल्या होत्या. नव्या यायला दोन महिने. आणि मासिक छपाईला निघालं होतं. मला वाटलं, माझ्या चुकीची शिक्षा मशीनला कशाला? चांगल्या मशीनचं नाव बुडेल. म्हणून टॉवेल बादलीत घातले, पावडर घेतली आणि चोळलं. इतरांसारखे दिसतील इतकंच करायचं होतं." तो कसनुसं हसला. "हाताला माप नसतं. जास्तच निघाले."

"मला येऊन का नाही सांगितलंस?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"वहिनी आठवतात?"

आठवत होत्या. आमच्याकडे वजनं करायच्या आणि नोंदवही लिहायच्या, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणत. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी स्वतःहून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, बाई, काल पाण्याचं तापमान मी चुकीचं लिहिलं. कुणाला कळलंही नसतं. मी त्यांना तासाभरात काढलं. तेही सगळ्यांना या खोलीत बोलावून, त्यांच्यासमोर. त्यानंतर वर्षभर मी पाहुण्यांना तो किस्सा अभिमानाने सांगत असे.

"त्या इथे, या ओट्यापाशी उभ्या होत्या," फेसराव म्हणाला. "डबा घ्यायलासुद्धा परत आल्या नाहीत. मी नेऊन दिला. त्या दिवशी आम्ही सगळे एक गोष्ट शिकलो, बाई. चूक करू नये, ही नव्हे. चूक सांगू नये, ही."

मी त्याला चादरीबद्दल सांगितलं. अकरा पाठींबद्दल. मास्तरीणबाईंबद्दल. ऐकता ऐकता त्याने मला मध्येच थांबवलं.

"तुम्ही परत धुऊन बघितलंत? किती आले?"

"अठ्ठावन्न."

"पावडर घालून?"

"माझ्या हाताने मोजून."

"मग त्या दिवशी," तो सावकाश म्हणाला, "माझ्या डोळ्यांना ज्या दिसल्या होत्या, त्या पट्ट्याही तेवढ्याच होत्या. मीठ घालून आणि पावडर घालून सारखंच कसं येईल?"

आम्ही दोघं गोदामाकडे निघालो. तो जवळजवळ पळत होता.

६

त्याने पान्याने मधला बोल्ट सैल केला आणि तळाची चकती उचलली.

तिच्याखाली पावडरीचा थर होता. वर माझ्या कालच्या धुण्याचा, ओलसर, पांढरा. त्याने तो बोटाने बाजूला सारला. खाली दुसरा थर होता. पिवळा पडलेला, दगडासारखा, चकतीच्या खाचांत घट्ट बसलेला. त्याने स्क्रूड्रायव्हरने टवका काढला, तळहातावर घेतला, थेंबभर पाणी टाकून चोळला.

हळूहळू फेस आला.

चाचणीनंतर कालपर्यंत हे मशीन कुणी चालवलं नव्हतं. म्हणजे हा जुना थर त्या दिवसाचाच होता. मीठ विरघळून गेलं असतं. ही पावडर होती. त्या दिवशी फेसरावने पावडरच घातली होती, अगदी मापाने. पण या मशीनमध्ये पाणी इतकं थोडं यायचं की चकतीखाली ते नीट फिरायचंच नाही. पावडर तिथे साचून राहायची, कपडे जवळपास नुसत्या पाण्यात फिरायचे, आणि शेवटच्या पिळण्याच्या वेळी तीच भुकटी उडून कपड्यांवर बसायची. बाकीच्या चार मशीनमध्ये असं होत नव्हतं. फक्त या एकाची घडण चुकली होती.

आणि बरण्या? त्यांची नावं झाकणांवर होती. कुलूपकाकांनी त्या दुपारी झाकणं काढून धुतली आणि लावताना इकडची तिकडे लावली. फेसराव तिन्ही धुण्यांची पावडर सकाळीच मोजून ठेवत असे. त्याने संध्याकाळी तपासली ती बरणी सकाळची नव्हतीच. झाकणं धुवायला मी सांगितलं होतं. न आलेल्या पाहुण्यांसाठी.

फेसराव तळहातावरचा फेस बघत जमिनीवर बसला.

"म्हणजे माझी चूक झालीच नव्हती?"

"नाही."

"मग मी केलं काय, बाई?"

खोट्या चुकीवर पांघरूण घालताना त्याने खरी गोष्ट पुसून टाकली होती. मशीनने आपला दोष स्वतःहून दाखवला होता, आणि त्याने तो बादलीत चोळून चोळून धुऊन काढला होता. पण त्याला त्या बादलीपर्यंत कुणी नेलं, हे मला भिंगाशिवायही दिसत होतं.

७

संपादकांनी दुरुस्तीचा मजकूर तयार करून आणला. "तांत्रिक कारणास्तव" या शब्दांनी सुरू होणारा, चार ओळींचा. मी तो बाजूला ठेवला आणि स्वतः लिहिला. आमच्या माणसाने पट्ट्या हाताने धुतल्या. त्याला चूक सांगायची भीती वाटत होती. ती भीती या विभागाच्या प्रमुखाने, म्हणजे मी, घातली होती. आकड्याबद्दल शंका घेणाऱ्या सहकारी बाईंना मीच गप्प केलं होतं. हे मशीन वापरू नका.

"लोक आपल्यावर परत विश्वास ठेवतील का?" संपादकांनी विचारलं.

"ठेवू नये त्यांनी, काही दिवस," मी म्हणाले.

फेसरावला चाचणीवर ठेवता येणार नव्हतं. हे त्याला सांगायची वेळ आली तेव्हा तो आधीच आवराआवर करत होता. अहवालावर सही करायचा माझा अधिकार मीही त्याच दिवशी सोडला. वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. यापेक्षा जास्त मागायचा मला हक्क नव्हता.

वृद्धाश्रमाकडे मी एकटीच जाणार होते. फेसराव बसथांब्यावर उभा दिसला. माझ्याबरोबर बसमध्ये चढला.

परिचारिकेला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "तुमचं काहीच चुकलं नाही." ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली, आणि मला कळलं की या बाईने सात महिने स्वतःलाच दोष दिला होता. सहाही मशीन बंद करायला सांगून तिने आम्हाला आतल्या खोलीत नेलं.

मास्तरीणबाई उताण्या पडल्या होत्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, नजर मात्र वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारी. मी येतानाच शब्द जुळवून ठेवले होते. "आम्ही तुमची माफी मागायला—"

"माफी ठेवा बाजूला," त्या म्हणाल्या. "आधी मला कुशीवर वळवा. मगाचपासून पाठीची आग होतेय."

फेसरावने खांदे धरले, मी कंबर. परिचारिका सांगत होती, सावकाश, आता, असं. त्या हाडांना वजन असं नव्हतंच. सदरा पाठीवरून वर सरकला आणि आम्हाला पाठ दिसली. लाल चट्टे, मध्ये दोन ठिकाणी पट्टी, पट्टीच्या कडेला ओल. फेसरावने खांदे सोडले नाहीत.

मास्तरीणबाईंनी भिंतीकडे तोंड करून एक लांब श्वास सोडला.

"हं. आता सांगा, काय केलंत ते. आणि एका वेळी एकानेच बोला."

फेसरावने तोंड उघडलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आधी मी सांगते," मी म्हणाले.